फटीतला राखाडी रंग

१

ठकी दुपारची झोपली, की तिच्या आईचा खरा दिवस सुरू व्हायचा. आधी पलंगाच्या कडेला बसून थोपटणं, मग थोपटणं हळूहळू हलकं करत नेणं, मग हात उचलून तो हवेतच धरून ठेवणं, कारण हात गेल्याचं ठकीला झोपेतही कळायचं. आणि शेवटी चोरासारखं, श्वास रोखून, तोंड पलंगाकडेच ठेवून मागच्या पावलांनी खोलीबाहेर. दार पूर्ण लावायचं नाही. चार बोटं मावतील एवढी फट ठेवायची, म्हणजे पलीकडे बसून तिचा श्वास ऐकू येतो. येत नाही, खरं तर. पण ऐकू येईल अशी सोय असली की तिला बरं वाटायचं.

मग हात साबणानं धुऊन, खडखडीत कोरडे करून, ती कपाटातून आपली चपटी पेटी काढायची.

पेटीत जुनी छापचित्रं होती, महालांच्या आतल्या दालनांची. ॲक्वाटिंट म्हणतात त्या पद्धतीची. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड भुरभुरून तो आम्लाला खाऊ द्यायचा, त्यावरून तपकिरी शाईत ठसे काढायचे, आणि मग एकेका ठशावर हातानं जलरंग भरायचे. शौकीन लोक यातले दरबार जमवतात, झुंबरं जमवतात, संगमरवरी जिने जमवतात. तिला परवडणारं आणि आवडणारं असं एकच सापडलं होतं, एका महालाच्या संचातलं सगळ्यात दुर्लक्षित पान. दाईची खोली. भिंतीलगत पलंग, खिडकी, खिडकीला पडदा, एक बुटकं स्टूल आणि मागच्या भिंतीत बंद दार. माणूस एकही नाही.

याच एका पानाच्या मिळतील तेवढ्या प्रती ती गोळा करत होती.

"म्हणजे तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचा, फक्त चष्मा बदलून," नवरा म्हणायचा. "वा!"

"रेघ छापखान्याची असते रे, रंग हाताचा," ती उत्साहानं सांगायला जायची. "रेघ सगळ्या प्रतींत तीच. पण रंग भरणारीनं ती खोली कधी बघितलेलीच नसते. ती आपली मनानं भरते. कोणी पडदा हिरवा करतं, कोणी निळा, कोणी..."

"चहा टाकू का?" नवरा विचारायचा. भला माणूस होता.

त्या दुपारी तिनं नव्या प्रतीचं पाकीट उघडलं. या प्रतीत पडदा पिवळा होता. हळदीसारखा नाही, जरा मळकट, उन्हानं विटलेला पिवळा. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढा म्हणता येईल असा एक चौकोन त्याहून फिकट.

ठकीच्या खोलीतला पडदाही पिवळाच होता आणि त्याचा खालचा उजवा कोपरा तिनं मागे इस्त्रीनं जाळला होता. उरलेल्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. ते पडद्याइतकं विटलं नव्हतं, म्हणून वेगळं दिसायचं. पण ते पडद्याहून गडद दिसायचं, फिकट नाही. हुश्श.

ती उठली, फटीतून आत डोकावली. ठिगळावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. उन्हात ते फिकट दिसत होतं.

२

योगायोग नावाची एक चीज असते, हे तिला शिकलेली बाई म्हणून माहीत होतं. जगात पिवळे पडदे पुष्कळ, जाळणाऱ्याही पुष्कळ. तिनं भिंग काढलं आणि संग्राहक करतो तसं पान डावीकडून उजवीकडे, पट्ट्यापट्ट्यानं तपासायला घेतलं.

भिंगाखाली ॲक्वाटिंटची खरी मजा. ज्या सावल्या नुसत्या डोळ्यांना धुक्यासारख्या दिसतात, त्या म्हणजे बारीक कणांची जाळी असते, ओल्या वाळूवर पाखरं नाचून गेल्यासारखी. पलंगाखाली जाळी. स्टुलाच्या पायांशी जाळी. दाराच्या चौकटीला जाळी.

दाराच्या कडेला मात्र नुसता रंग होता. राखाडी. एक उभी, बारीक पट्टी. तिच्याखाली ना रेघ, ना कण. छापलेलं दार सगळ्या प्रतींतल्यासारखं बंदच होतं, पण कोणीतरी त्याच्या कडेवर राखाडी रंग असा ओढला होता, की दार किलकिलं दिसावं. पट्टीच्या वरच्या भागात एक फिकट ठिपका. चेहराच म्हणायचा असेल तर त्याचं तोंड खोलीच्या आत, पलंगाकडे होतं. आणि दाराच्या कडेवर, केसाहून बारीक कुंचल्यानं काढलेले चार फटकारे.

ती बोटं होती. कोणीतरी दार धरून आत बघत होतं.

दुसऱ्या दिवशी ठकीला कडेवर घेऊन ती दुकानात गेली. दुकानदाराच्या हातात सदा भिंग असायचं, म्हणून तिनं मनात त्याचं नाव भिंगकाका ठेवलं होतं.

"काका, हे नंतर कोणी काढलंय का? म्हणजे कोणाच्या पोरानं वगैरे?"

भिंगकाकांनी पान खिडकीशी नेलं, तिरपं धरलं, उलटं धरलं, हुंगलं.

"नाही गं. हा बघ ओलीचा डाग, राखाडीच्या वरून गेलाय. रंग पहिल्यापासूनचा आहे. लांब टेबलाला बायका-पोरी ओळीनं बसायच्या. एकीनं पिवळा भरला की पान पुढे, दुसरीनं तांबडा भरला की पुढे. सावल्यांचा राखाडी सगळ्यात शेवटी. शेवटचीला कंटाळा आला असेल, काढली एक बाई!"

"बाई कशावरून?"

"मग काय पहिलवान?" काका हसले. "आवडत नसेल तर ओल्या कुंचल्यानं उचलून टाक. रंगात गोंद कमी दिसतोय, चटकन सुटेल. किंमत मात्र जाईल, सांगून ठेवतो. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

ठकी इतका वेळ चित्राकडे बघत होती. तिनं काउंटरच्या काचेवर गाल टेकवला आणि चित्राला हात हलवून टाटा केला. दुकानातून निघताना ठकी सगळ्यांनाच टाटा करते. खुर्च्यांनासुद्धा.

३

रविवारी सासूबाई आल्या, पिशवी भरून.

"हे घे, ठकीला नवं पांघरूण. साधंसुधं नाहीये हं, जपून धू. आणि इस्त्री जरा लांबच ठेव त्याच्यापासून."

पांघरूण तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं होतं.

"छान आहे, आई," ती म्हणाली. दाईच्या पलंगावरचं पांघरूण नव्या प्रतीत कसल्या रंगाचं होतं, हे बघायला तिला पेटी उघडायची गरज नव्हती.

तेवढ्यात नवऱ्याला कामाची हुक्की आली. "हा पलंग खिडकीखालून काढून त्या भिंतीला लावू. कपाटाचं दार रोज आपटतं त्याच्यावर."

"नको."

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. ठकी झाली त्यानंतरच्या दिवसांतली. तेव्हा ती बाळाच्या नाकाखाली बोट धरून तासन् तास बसायची. गॅस बंद केलाय का हे बघून यायची, आणि आपण बघून आलो का, हे बघायला पुन्हा जायची. एकदा तर झोपलेल्या ठकीला नुसतं जिवंत आहे का बघायला उठवलं, आणि मग दोघी मिळून रडल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी गुण आला, आणि घरातल्यांनी त्या सगळ्या प्रकाराला 'तुझं ते' असं नाव दिलं.

"तुझं ते पुन्हा सुरू झालं का गं?" नवऱ्यानं विचारलं. फार हळुवारपणे विचारलं. तो खेकसला असता तर बरं झालं असतं.

"छे! लावा ना तिकडे. मला काय."

"मी काय म्हणते," सासूबाई पांघरुणाची घडी मोडत म्हणाल्या, "थोडे दिवस ठकीला माझ्याकडे राहू दे. तूही जरा झोप काढ. डोळे बघ कसे झालेत."

"ती माझ्याशिवाय राहत नाही हो."

"तू तिच्याशिवाय राहत नाहीस, असं म्हण."

सगळे हसले. तीही हसली, आणि त्याच वेळी तिला स्वच्छ कळलं, की चित्राबद्दल एक अक्षर काढायची खोटी, ठकीची बॅग भरली जाईल. थोडे दिवस म्हणजे किती, ते मग तिच्या डोळ्यांकडे बघून ठरेल. तिच्या घरात मूल राहायचं असेल, तर तिला काहीही दिसता कामा नये.

नवऱ्यानं पलंग भिंतीला लावला. हात झटकत म्हणाला, "बघ, खोली कशी मोकळी झाली!"

४

पलंग हलवल्यापासून ठकी भिंतीला चिकटून झोपायला लागली. अगदी पाठ टेकवून, गोगलगायीसारखी. अर्धा पलंग रिकामा. आईनं उचलून मधे ठेवलं, की थोड्या वेळानं पुन्हा भिंतीशी.

"ठके, एवढी जागा कोणाला ठेवलीस?"

"बाईला."

"कोणत्या बाईला?"

"दमलेल्या."

दमलेली बाई घरात एकच होती आणि ती आरशात दिसायची. लहान मुलं आपल्याला बघून बोलतात, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. तिला वाईट वाटलं आणि थोडा धीरही आला.

"मग ती बाई काय करते?"

"बसते. मी नीट झोपले ना, की घरी जाणार. पण तू सारखी येतेस ना बघायला. मग मी उठते. मग ती पण बसते परत."

 त्या दुपारी आईनं ठरवून टाकलं, की एकदाही फटीशी जायचं नाही. टेबलाशी बसून राहिली. सगळ्या प्रती ओळीनं मांडल्या. हिरवा पडदा, निळा पडदा, गुलाबी. सगळ्यांची दारं बंद. शेवटी पिवळा.

पलीकडे पलंग करकरला. ठकीच्या वजनाला तो करकरत नाही. नवरा कडेवर बसला, तर करकरतो.

लाकूड आहे. जागा बदलली, जमीन थोडी उतरती असेल. ती कारणं शोधण्यात पटाईत होती. भीती शोधण्यातही तितकीच. त्यामुळे दोन्ही कायम बरोबरीत सुटत.

पुन्हा करकर. मग कापड ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही.

धावत जावं, तर 'तुझं ते'. न जावं, तर आई कसली. ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली आणि तिनं समोरचं चित्र भिंगाखाली घेतलं, कारण डोळ्यांना काहीतरी काम हवं होतं. पिवळा पडदा, ठिगळ. तांबडे-पांढरे पट्टे. पलंग भिंतीला. दार चार बोटं किलकिलं. तिच्या घरातली खोली आता या पानाशी रंगारंगानं जुळत होती, फक्त एक रंग सोडून. तेवढा राखाडी यायचा राहिला होता.

५

पडदा काढता आला असता. त्यानं काय झालं असतं? सासूबाईंनी नवा आणला असता, पिवळाच. पलंग हलवला असता तर नवऱ्यानं कारण विचारलं असतं. आणि दार लावून घ्यायचं, तर ठकी आत आणि आपण बाहेर, मधे लाकूड. तेवढी तिची छाती नव्हती.

चित्रातलं दार लावणं मात्र सोपं होतं.

पुढच्या दुपारी ठकी कधी नव्हे ती गाढ झोपली. तोंड उघडं, मूठ सैल. आई मागच्या पावलांनी बाहेर आली, हात धुतले, आणि टेबलावर पाण्याची वाटी, बारीक कुंचला आणि टीपकागद मांडला. भिंगकाका म्हणाले होते तसंच झालं. ओलं टोक लागताच राखाडी सुटला. टीपकागद टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. आधी खालची पट्टी गेली. मग फिकट ठिपका. शेवटी ते चार फटकारे. ते मात्र चिवट निघाले. एकेक करून सोडवावे लागले, पकड सोडवावी तसे.

आता तिथे इतर सगळ्या प्रतींसारखं साधं, तपकिरी, बंद दार होतं. तिनं श्वास सोडला. एवढंसं तर काम. उगाच इतके दिवस जीव टांगणीला लावला.

तिच्या मागे, ठकीच्या खोलीचं दार लागलं.

आपटलं नाही. वाऱ्यानं लागतं तसं नाही. शांतपणे, पूर्ण, खिट्टी बसल्याच्या आवाजासह.

खुर्ची पडली की तिनं पाडली, हे तिला नंतर आठवेना. दाराची मूठ फिरवली. दार अडलं वगैरे नव्हतं, लगेच उघडलं. खोलीत ऊन होतं. खिडकी बंद, पडदा स्थिर. ठकी पलंगावर उठून बसली होती, पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी. रडत नव्हती. चिडली होती.

"दार का लावलंस, आई?"

"मी नाही लावलं, राणी."

"तूच लावलंस." ठकीचा ओठ बाहेर आला. "मी नीट झोपले होते. बाई निघाली होती. दारापर्यंत गेली पण होती."

६

तिनं ठकीला छातीशी धरलं, थोपटलं, गाणं म्हटलं. गाण्याचे शब्द चुकले, ते ठकीनं दुरुस्त केले. पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे तिनं पाहिलं नाही. पांघरूण तिथे कसं पडलंय, हे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं. थोड्या वेळानं ठकीचे डोळे मिटले. मिटल्यासारखे केले असतील. तिनं हात उचलला, हवेत धरला. उठली. तोंड पलंगाकडे ठेवून मागच्या पावलांनी दाराबाहेर आली आणि नेहमीसारखी फट मोजायला दाराच्या कडेवर बोटं ठेवली.

चार.

ती तशीच उभी राहिली. उजेडात आपली बोटं बघत. बाहेर असलेलं शरीर, आत वळलेला चेहरा, कडेवर चार बोटं. आत डोकावणारं माणूस असं दिसतं. आणि झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये म्हणून जपून, हळूच निघून जाणारं माणूसही अगदी असंच दिसतं. हे जगात कोणाला नाही तर तिला कळायला हवं होतं. रोज दुपारी ती दुसरं काय करत होती?

त्या ओळीत शेवटी बसलेल्या बाईनं कंटाळून काही काढलं नव्हतं. तिनं दार उघडं ठेवलं होतं. आणि आपण ते पुसून टाकलं.

फोन वाजला. सासूबाई.

"काय गं, ठकी झोपली का? मी म्हटलं, आज संध्याकाळी येऊन घेऊन जाते तिला. तू पण सुटशील."

हो म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. लगेच या, आत्ता या, रिक्षानं या. पण आवाज कापला असता. आणि आवाज कापला असता, तर ठकी परत कधी आली असती?

"अहो आई, कशाला उगाच दगदग? आम्ही मजेत आहोत. आता झोपलीये ती."

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं फोन ठेवला आणि रंगांची पेटी उघडली. काळा, थोडा निळा, थोडं पाणी. राखाडी जुळवणं काही कठीण नसतं. हात स्थिर ठेवणं कठीण असतं. बंद दाराच्या कडेवर तिनं उभी पट्टी ओढली. वर फिकट ठिपका. मग श्वास रोखून एक, दोन, तीन, चार. भिंग घेऊन पाहिलं. चांगलं जमलं होतं. इतकं चांगलं, की फटीतली बाई जाते आहे की येते आहे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पानावरचा रंग हळूहळू सुकला. सुकताना एक छटा फिकट झाला, तसा तो होतोच.

आत पलंग करकरला. थांबला. पुन्हा करकरला, या वेळी पायथ्याशी.

"आई," ठकीची हाक आली, झोपाळलेली, जराशी वैतागलेली. "एवढ्याशा जागेत दोघी कशा मावतील गं?"

ती दाराशी पोचली. फट चार बोटांची होती, तिनं सोडली होती तेवढीच. कडेला हात लावला आणि आत पाहिलं. उन्हात ठिगळ फिकट दिसत होतं. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या पलंगाच्या मोकळ्या बाजूला ताणून बसल्या होत्या, कोणीतरी कडेवर टेकल्यावर ताणतात तशा. पायथ्याशीही तशाच.

ठकीनं आईकडे पाहिलं नाही. ती जरा भिंतीकडे सरकली. मग समंजसपणे, पोट आत घेऊन, आणखी थोडी सरकली.